तात्पर्य काढून टाका, मास्तर

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालेली बस मुर्धा आणि राई ओलांडून मोरव्याला आली की कंडक्टरने ओरडायची गरज नसते. खाजणाचा वास खिडकीतून आत येतो आणि माणूस आपोआप उठून दाराशी जातो. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला, मीठ पिकवलं. तिसरं पीक अलीकडचं आहे: निवृत्त मास्तर. भाताचं आणि मिठाचं काय करायचं हे गावाला ठाऊक आहे, निवृत्त मास्तराचं काय करायचं यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही. कोणी त्याला भजनी मंडळाचा खजिनदार करतं. कोणी हळदीच्या पत्रिकेतलं शुद्धलेखन तपासायला देतं आणि तपासून झाल्यावर पत्रिका मूळ चुकांसह छापतं. या दोन्ही खात्यांत काम करून झाल्यावर मी बालसाहित्यिक व्हायचं ठरवलं.

बातमी घरात फोडली तेव्हा ही कोळंबी सोलत होती.

“त्यात पगार असतो?”

“मानधन असतं.”

“म्हणजे नसतो,” असं म्हणून तिने पुढची कोळंबी उचलली.

बायकोला पटवायचं तर परंपरा सांगावी लागते. सुदैवाने या बाबतीत परंपरा भक्कम आहे. मराठीत मुलांसाठी लिहिण्याचा उद्योग शाळेच्या कुंपणालगतच वाढला. शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ नावाचं मासिक काढलं आणि तीस वर्षांहून जास्त काळ चालवलं, तेही बराचसा मजकूर स्वतः लिहून. पण ओकांचं नाव ऐकून हिचा हात थांबला नाही. म्हणून मी थेट साने गुरुजींवर आलो.

गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रात्री जागून हाताने एक दैनिक लिहीत. ‘छात्रालय’ त्याचं नाव. सकाळी मुलांना ते वाचायला मिळे. आता यातली सोय पाहा: छापखाना नाही, विक्रेता नाही, टपालखर्च नाही आणि वर्गणीदार शेजारच्या खोलीत घोरतो आहे. वाचकाच्या इतक्या जवळ जायची संधी आजच्या कुठल्या संपादकाला मिळत नाही, आणि मिळाली तरी तो वसतिगृहाचं जेवण बघून परत येईल.

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडली ती मिठाच्या सत्याग्रहात उतरायला. हे वाक्य मी आमच्या गावात कोणालाही सांगितलं की समोरचा बुचकळ्यात पडतो. इथे मिठासाठी कामाला लागलेली माणसं घरटी निघतील. मिठासाठी काम सोडणारा त्यांना हा एकच ऐकून माहीत. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे ती त्या लिहिण्यामुळे. दुसऱ्यांना श्रुतलेखन घालणारा मास्तर स्वतः श्रुतलेखनाला बसला, आणि वर्गात पहिला आला. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली.

“पाच दिवसांत!” मी आवाज चढवून म्हणालो.

“त्यांना तुरुंग होता,” ही म्हणाली. “तुम्हाला दर तासाला चहा लागतो.”

मी अत्र्यांकडे वळलो. प्रल्हाद केशव अत्रे हे पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर. लंडनला जाऊन शिक्षकाची पदविका घेऊन आलेले. त्यांनी शाळेच्या मुलांसाठी नाटकं लिहिली, ‘नवयुग वाचनमाला’ काढली आणि पाठ्यपुस्तक वाचताना मूल हसलं तर आभाळ कोसळत नाही हे महाराष्ट्राला दाखवून दिलं. तिकडे ऑक्सफर्डला फिलिप पुलमन नावाचे एक शाळामास्तरही वर्गातल्या मुलांसाठी नाटकं लिहिता लिहिताच मोठे कादंबरीकार झाले. तेव्हा हा रोग आपल्याकडचाच आहे असं नाही. पण खरी गंमत पुढे आहे. १९५३ साली ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला तो याच अत्र्यांनी, आणि उत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. त्यातला श्याम झालेले माधव वझे मोठेपणी इंग्रजीचे प्राध्यापक झाले. म्हणजे लिहिलं मास्तराने, पडद्यावर आणलं मास्तराने, आणि ज्या पोराने काम केलं तोही शेवटी खडू हातात घेऊन उभा राहिला. या धंद्यातून सुटका नाही.

“हे सगळं जुनं झालं,” ही म्हणाली. “आत्ताचं सांगा.”

आत्ताचंही माझ्याकडे होतं. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते. मराठीसाठी २०२३ साली तो एकनाथ आव्हाडांना ‘छंद देई आनंद’ या कवितासंग्रहासाठी मिळाला. आव्हाड हे मुंबई महापालिकेच्या शाळेतले शिक्षक. २०२५ साली ‘आभाळमाया’साठी सुरेश सावंतांना मिळाला, ते नांदेडचे निवृत्त मुख्याध्यापक. २०१९ साली तो सलीम मुल्लांना मिळाला, ते वनखात्यातले. वनरक्षक आणि शिक्षक ही दोन पदं एका रांगेत बघून मला नवल वाटलं नाही. दोघांचाही दिवस ज्यांच्यामागे धावण्यात जातो ते हाताला लागत नाहीत.

“पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट देतात,” मी शेवटचा बाण सोडला.

हिने पहिल्यांदा मान वर केली. “ताम्रपट केवढा असतो?”

ही संमती आहे असं धरून मी वही घेतली. वहीला ब्राऊन पेपरचं कव्हर घालून, त्यावर चिठ्ठी चिकटवून, चिठ्ठीवर नाव, गाव आणि तुकडीच्या जागी ‘निवृत्त’ असं लिहून होईपर्यंत गुरुजींचं पुस्तक एव्हाना कुठवर आलं असतं याचा हिशेब मी केला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. शिक्षकाला मुलांसाठी लिहिणं सोपं जात असणार, अशी एक समजूत आहे. ही समजूत मुख्यतः शिक्षकांचीच आहे. वर्गात मी गोष्ट सांगायला लागलो की सगळी मुलं कान टवकारून ऐकायची, म्हणून मला आपण कथाकथनात तरबेज आहोत असं वाटायचं. पण वर्गातलं मूल गोष्ट ऐकतं कारण त्याच्यापुढे दुसरा पर्याय गणिताचा असतो. निवृत्त झाल्यावर गोष्ट सांगायला बसलं की पर्याय मोबाइलचा असतो, आणि मोबाइलला व्यवहारी अपूर्णांक येत नाहीत. शिवाय ओटीवरच्या मुलाला उठून जाता येतं. तीस-पस्तीस वर्षं ज्याच्या वर्गाला दार होतं आणि दाराला कडी होती, त्याला हा साहित्यातला फार मोठा बदल वाटतो.

माझी पहिली कथा होती ‘आज्ञाधारक चिंबोरी’. खाजणातल्या एका शाळेत निवटे गुरुजी (निवटा म्हणजे चिखलातला मासा) शिकवतात. ते सगळ्या चिंबोऱ्यांना सरळ चालायला सांगतात. बाकीच्या ऐकत नाहीत, एक गुणी चिंबोरी ऐकते, सराव करते, सरळ चालते आणि तिला बक्षीस मिळतं. ‘यावरून आपल्याला असा बोध मिळतो की...’ इथून पुढे पाऊण पान. ते पाऊण पान माझ्या मते कथेचा कळस होतं.

संध्याकाळी ओटीवर गल्लीतली पोरं जमवली. हिच्या हातची चणाडाळ हे आमिष होतं, हे नमूद केलं पाहिजे. कथा वाचली. समोर शेजारच्यांची तिसरीतली पोरगी बसली होती. तिचे वडील उधाणाच्या भरतीनंतर रात्री बॅटरी घेऊन चिंबोऱ्या धरायला जातात. ती म्हणाली, “मास्तर, सरळ चालली तर गावंल ना ती लगेच!”

“बक्षीस मिळतं तिला,” मी म्हटलं.

“बक्षीस कनाला? कालवण व्हईल तिचा.”

यावर सर्व सभा एकमताने हसली. मी पुढे रेटलं आणि ‘यावरून’ हा शब्द उच्चारला. तो शब्द तोंडातून पडताच सगळी पोरं चपला शोधायला लागली. शाळेत ‘यावरून’ म्हटलं की तास संपतो, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं. जाता जाता त्या पोरीने मला सल्ला दिला, “ता तात्पर्य काढून टाका, मास्तर. त्याच्याखाली प्रश्न येतान.”

मराठी बालसाहित्यावर मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे, जाड पुस्तकंही वाचली आहेत. इतकं मोजकं आणि उपयोगी वाक्य मला त्यांत सापडलं नाही. अर्थात मी तात्पर्य काढून टाकलं नाही. चिंबोरीचं केलं मात्र पोरांच्या म्हणण्याप्रमाणे: निवटे गुरुजींच्या सांगण्यावरून ती सरळ चालते, जाळ्यात सापडते, तिथून तिरकी होऊन निसटते आणि गुरुजींचीच शिकवणी घ्यायला लागते. कथेचं नाव झालं ‘तिरकी चिंबोरी’. शेवटचं पाऊण पान मात्र मी नव्या बोधाने भरून काढलं. इतक्या वर्षांच्या सवयी रजेच्या अर्जाने जात नाहीत.

मध्यंतरी पोरांना ‘श्यामची आई’तली अळणी भाजीची गोष्ट सांगून पाहिली. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील एक शब्द न बोलता जेवतात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. माझा कंठ दाटून आला होता. मिठागराच्या गावातल्या श्रोत्यांची प्रतिक्रिया अशी: “बापानं मीठ मागितला का नाय?” एकजण तर घरी जाऊन मूठभर घेऊन येतो म्हणाला. गुरुजींना हे आवडलं असतं असं मला वाटतं. त्या पुस्तकाला लोक संस्कारांचं पुस्तक म्हणतात, पण मुलांना त्यात धरून ठेवतो तो श्याम: पाण्याला घाबरून दडून बसणारा, रुसणारा, हट्ट करणारा. आदर्श मुलाचं चरित्र पाच दिवसांत लिहिता येईल, पण ते सहाव्या दिवशी कोणी वाचणार नाही.

कथा मासिकांकडे पाठवल्या. ‘साभार परत’ची पाकिटं यायला लागली. आमच्या पोस्टमनला वाटलं माझा कोर्टात दावा चालू आहे, तो प्रत्येक वेळी सांत्वनाच्या सुरात “अजून तारीख नाही?” म्हणायचा. मग एका प्रकाशकाकडे गेलो. त्यांचं नाव सांगत नाही, कारण माणूस प्रेमळ होता आणि चहा चांगला द्यायचा. त्यांनी कथा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “चिंबोरीचा सिंह करता येईल का?”

“का बरं?”

“सिंहाची चित्रं तयार आहेत आमच्याकडे.”

मी म्हटलं, आमच्या बाजूला सिंह बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असतो, तो खाजणात उतरत नाही. शिवाय सिंह तिरका चालत नाही. प्रकाशक म्हणाले, “मुलांना काय कळतंय!” मुलांच्या पुस्तकांच्या धंद्यात हे वाक्य ज्या माणसाच्या तोंडी असतं त्याला मी तिसरी ब मध्ये आठवडाभर सोडायला तयार आहे.

अखेर चिंबोरी चिंबोरीच राहिली. अटी ठरल्या: अर्धी आवृत्ती लेखकाने विकत घ्यायची, उरलेल्या अर्ध्या आवृत्तीची काळजीही त्यानेच करायची. चित्रकार मिळाला तो डोंबिवलीचा. त्याने चिंबोरी पाहिलेली होती ती ताटात, आणि तीही तुकड्यांत. त्याने तिला सहा पाय काढले. पुस्तक छापायच्या आधी मी चित्र ओटीवर दाखवलं, तर पोरांनी नांगे धरून दहा पाय मोजून दाखवले आणि “हिचे बाकीचे कुनी खाल्ले?” असा प्रश्न केला. चित्रकाराला चार पाय वाढवायला सांगितलं. त्याने जादा पैसे मागितले, पायामागे.

आता या कथेतला योगायोग, ज्यामुळे मी आज बालसाहित्यिक म्हणून ओळखला जातो. पुस्तकं छापताना पानं फर्म्याच्या हिशेबात बसवतात; सोळा पानांचा एक फर्मा. माझं पुस्तक सोळा पानांत चपखल बसलं, फक्त शेवटचं पाऊण पान, म्हणजे तात्पर्य, सतराव्या पानावर गेलं. सतराव्या पानासाठी जादा कागद लावायचा, जादा छपाई करायची, आणि उरलेली पानं कोरी ठेवायची हे प्रकाशकांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मला न विचारता सतरावं पान उडवलं. पुस्तक ‘आणि चिंबोरी तिरकी पळत बिळात शिरली’ इथे संपलं. मी छापलेली प्रत उघडली, शेवटचं पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि मागे थेट किंमत.

हिने आठ दिवस माझ्यासमोर पुस्तकाचा विषय काढला नाही. पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली गेले. त्यांच्यावर पाय ठेवून ती पलंगावर चढते, तेवढा उपयोग झाला.

मग एका साप्ताहिकात चार ओळींचं परीक्षण आलं. ‘शिक्षकी पेशातून आलेल्या या लेखकाने शेवटी उपदेश टाळून विलक्षण संयम दाखवला आहे’, असं त्यात म्हटलं होतं. तो संयम छापखान्याचा होता, पण मी ते कळवलं नाही. परीक्षणाचं कात्रण प्रकाशकांनी भिंतीवर लावलं. पाठोपाठ मुलं विचारायला लागली, “बिळात गेल्यावर काय झाला?” हा प्रश्न मला नोकरीत कधीच कोणी विचारला नव्हता. तात्पर्य सांगून झाल्यावर पुढे काय झालं हे विचारायची हिंमत कोणाची असणार? शाळांच्या ग्रंथालयांनी पुस्तक घेतलं. पलंगाखालचे गठ्ठे संपले. ही चढताना अडखळायला लागली, तेव्हा दुसरी आवृत्ती निघाली.

त्या तिसरीतल्या पोरीने आवृत्ती हातात घेऊन पहिलं पान, शेवटचं पान आणि कव्हर तपासलं. “माझा नाव कुठं हाय?” मागणी न्याय्य होती. श्रेयनामावलीत आता ‘संपादन साहाय्य: मोरव्याची ओटी’ अशी ओळ आहे. मानधन म्हणून तिने पेप्सीकोला घेतला. तिचा दर आता वाढला आहे.

शाळांतून प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणी येतात. नारळ, शाल आणि गुलाबाचं फूल मिळतं; परतीचं बसभाडं बहुधा शालीत गुंडाळलेलं असावं, मला अजून सापडलेलं नाही. मुलांचे प्रश्न मात्र अस्सल असतात. एका शाळेत पहिल्याच बाकावरच्या मुलाने विचारलं, “सर, तुम्ही खरंच जिवंत आहात?” पाठ्यपुस्तकातल्या लेखकाच्या नावापुढे कंसात जन्मसाल आणि मृत्यूचं साल असतं, त्यामुळे लेखक म्हणजे गेलेला माणूस अशी त्याची खात्री होती. मी जिवंत असल्याचं सांगितलं. त्याने माझ्या पुस्तकातला परिचय वाचला आणि बाईंना ओरडून सांगितलं, “बाई, यांचा कंस पूर्ण व्हायचाय!”

गावातही पद वाढलं. मेट्रोचं कारशेड आधी राई, मुर्धा, मोरव्याच्या बाजूला होणार अशी आखणी होती, मग ते डोंगरीकडे सरकलं. त्या काळात निवेदनं लिहायला लोक माझ्याकडे यायचे. साहित्यिकाने लिहिलेल्या निवेदनाला वजन असतं म्हणे. एका निवेदनात मी खाजणातल्या चिंबोरीचं मनोगत घातलं होतं. समितीने ते ‘मास्तर, ही पोरांची जागा नाय’ म्हणून काढून टाकलं. माझ्या लिखाणातलं काहीतरी काढून टाकणं हे एकूण गावातल्या सर्वांनाच जमतं.

मीरा रोडला इंग्रजी शाळेत जाणारी माझी नात सुट्टीत आली होती. तिने पुस्तक अक्षर लावत लावत वाचलं, बराच वेळ लागला. संपल्यावर तिने काही विचारलं नाही, फक्त पुस्तक घेऊन शेजारच्या ओटीवर गेली आणि तिथल्या पोरांना वाचून दाखवायला लागली, माझ्याच आवाजात, माझेच हातवारे करून. पोरं माझ्या वेळी हसली नव्हती तिथे तिच्या वेळी हसत होती. हिला मी म्हटलं, “बघ, घराण्यात कला आहे.” ही म्हणाली, “तिला चणाडाळ द्यावी लागली नाही.”

ताम्रपट अजून आलेला नाही. त्यासाठी भिंतीवर जागा कुठे करायची हे मात्र हिने ठरवून ठेवलं आहे, गणपतीच्या तसबिरीच्या डाव्या बाजूला.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आमच्याकडे हळदीला आणि बारशाला पाकीट द्यायची पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल. पुढच्या वेळी पाकिटासोबत घरातल्या पोरांसाठी एखादं पुस्तक द्या. माझंच द्या असं नाही. आव्हाडांचं द्या, सावंतांचं द्या, गुरुजींचं तर कधीही चालेल. पण माझं दिलंत, तर मागच्या पानावरची किंमत खोडू नका. ती मुळातच इतकी कमी आहे की खोडल्यावर लोकांना ती जास्त असेल असा संशय येतो.